खरे बारा

आमच्या गावात दुपारचे बारा दोनदा वाजतात. आधी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये वाजतात. मग अर्ध्या तासाच्या आगेमागे तात्यांचे वाजतात. मधल्या वेळात दुपार झालेली असते की व्हायची असते, हे विचारायची सोय नाही. विचारलंत तर तात्या म्हणतील, "मोबाइलचे झाले. खरे होवचे आसत."

गाव मालवणहून देवगडकडे जाताना लागतं. एसटीच्या थांब्याला आम्ही 'शीव' म्हणतो, कारण गावाची हद्द तिथे संपते. तिथे तीन वाटा एकत्र येतात. शांती काकीचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे दोन बाकडी आणि भज्यांची कढई. आणि रस्त्याकडेला जांभ्या दगडाचा एक चौथरा. त्याच्या मधोमध लोखंडी नळीचा खांब, ओळंबा लावून उभा केलेला, आणि भोवती सिमेंटात बसवलेले शिंपले. ओळखलंत ना? सावलीचं घड्याळ. बांधणारे अनंत तात्या. नळी त्यांच्याच दुकानाच्या पाटीची. ते दुकान मालवणच्या बाजारात होतं आणि त्यात ते आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत बसले. गंमत इथेच आहे. या माणसाच्या घरात आज एकही घड्याळ नाही. मनगटावर घड्याळ घालणाऱ्यांबद्दल त्यांचं मत असं, "हातार किडो बांदून फिरतत आणि तो कुरकुरता म्हणान धावतत."

गाव त्यांना साडेबारा तात्या म्हणतं. समोर नाही, अर्थात.

आता देवचाराबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक गावाच्या शिवेला एक राखणदार असतो असं लोक मानतात. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, पायांत वहाणा. वहाणा झिजतात म्हणून लोक नव्या नेऊन ठेवतात. तो ठीक बारा वाजता आपल्या वाटेने जातो, आणि त्या वेळी माणसाने त्याच्या वाटेत येऊ नये. तेवढंच त्याचं म्हणणं. तसा तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. आमच्या काही पुढाऱ्यांपेक्षा बराच बरा.

म्हणून बारा वाजले की शिवेवर माणूस दिसत नाही. मोबाइलवर बारा वाजून गेले की माणसं बाहेर पडतात, आणि तिथेच तात्या त्यांना गाठतात. एक हात आडवा करून चौथऱ्याजवळ उभे असतात, डोळे खांबाच्या बुंध्याशी. समोर एखादी पोर आली तर म्हणतात,

"रव गो चेडवा. तेका जावंदे."

"कोणाक, तात्यानू?"

"जो जाता तेका."

त्यांचं म्हणणं सरळ आहे. देवचाराकडे मोबाइल नाही. तो बारा सूर्यावर बघतो. सूर्य आपल्या डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात साडेबारा होऊन गेलेले असतात. म्हणजे सगळा गाव भलत्या वेळी घरात बसतो आणि नेमका त्याच्या वेळेला बाहेर पडतो. गावात आता दोन्ही बारा पाळणारी माणसंही आहेत. त्यांचा दिवस फार लहान असतो.

मी चळवळीतली. अन्याय दिसला की पत्रक काढते. किनाऱ्यावरच्या बेकायदा भिंतींवर काढलं, रात्री प्रखर दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटींवर काढलं, आणि देवचारावरही काढलं होतं: 'घाबरू नका, प्रश्न विचारा.' शांती काकीने ते वाचून, त्यातच भजी बांधत सांगितलं, "तुझा पत्रक जरा जाड कागदार काढ गो बाय. भज्यांचा त्याल फुटता."

तर प्रश्न विचारायला मी पहिल्यांदा तात्यांकडेच गेले. भरपूर तापलेली होते.

"तुमी देवचार बघितलात काय?"

"नाय."

"मगे लोकांका कित्याक भियवतात?"

"मी खंय भियवतंय? मी टायम सांगतंय. भियाचा काय नाय भियाचा, ता जेचा तेणा ठरवचा."

अशा माणसाविरुद्ध पत्रक कसं काढायचं?

मग मला वाटलं, विरुद्ध कशाला, बाजूने काढू. कारण त्यांच्या खांबात अंधश्रद्धा औषधालाही नव्हती. देशाचं घड्याळ लावलंय ते इथून पार पूर्वेकडच्या एका रेषेवरच्या सूर्याप्रमाणे. तिथे तो आधी डोक्यावर येतो, आमच्या कोकणात मागाहून. शाळेत हे भूगोलात शिकवतात आणि परीक्षेनंतर विसरून जातात. मी रात्र जागून लिहिलं: 'आमची दुपार कुणी चोरली? आमचे बारा आम्हाला परत द्या.' तात्यांना वाचायला दिलं. त्यांनी दुकानातलं जुनं भिंग डोळ्यात बसवलं आणि एखाद्या बिघडलेल्या घड्याळात बघावं तसं माझ्या पत्रकात बघितलं.

"चोरूक कोणी नाय गो," ते म्हणाले. "सगळ्या देशाक एकच घड्याळ होया म्हणान केल्यानी. गाडी सुटाची आसता, हापिस उघडाचा आसता. बरोबरच आसा ता. पण देवचाराक खंय गाडी पकडूची आसता?"

भिंग काढून त्यांनी पत्रक परत दिलं. दुरुस्त होण्यासारखं नाही, अशा चेहऱ्याने.

खरं बोलायचं तर त्यांचं घड्याळही दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. खांब सरळ उभा केलेला. अशा खांबाची दुपारची सावली वर्षभर एकाच रेघेवर येते, पण बाकीचे तास ऋतूप्रमाणे सरकतात. नऊचा शिंपला थंडीत नऊ दाखवी आणि आंब्याच्या दिवसांत भलतंच काहीतरी. मी हे बोलून दाखवलं.

"बाकीचे कितीय वाजांदेत," तात्या म्हणाले. "बारा तेवढे खरे होये."

बाराची रेघ शिंपल्यांची नव्हती. तिथे हिरव्या काचा होत्या, बारीक बारीक, सिमेंटात दाबून बसवलेल्या. मला वाटलं, सोड्याची बाटली फोडली असेल.

खऱ्या बाराच्या वेळेला मी शिवेवर पुष्कळदा उभी राहिले आहे, मुद्दाम, मनातला घोळ मिटवायला. जे आहे ते सांगते. सावली आखडत खांबाकडे येते. काकी स्टोव्ह बंद करते. कावळे झाडात असतात, चोची उघड्या, आवाज नाही. समुद्र एवढा जवळ, पण तोही ऐकू येत नाही. आणि मग काजूच्या बागेतून येणाऱ्या वाटेवर पाचोळा वाजू लागतो. मी स्वतःला सांगितलं, सरडा. पण सरडा धावतो आणि थांबतो, पुन्हा धावतो. हा आवाज चालतो. एका लयीत चौथऱ्यापर्यंत येतो, चौथऱ्याला वळसा घालतो आणि हद्दीच्या दिशेने निघून जातो. वाट पूर्ण दिसत असते. वाटेवर कुणीही नसतं.

याचा काहीतरी खुलासा असणार. माझ्या पत्रकात तो नाही.

सावली बाराच्या रेघेवरून डोंगराकडच्या बाजूला सरकली की तात्या आडवा हात खाली घेतात. "जावा आता," म्हणतात, आणि माणसं आपापल्या एसटीला धावतात. हुज्जत घालणारे असतातच. एकदा एका पाहुण्याने विचारलं, आजोबा, तुमच्या देवचाराला सुट्टी कधी? तात्या म्हणाले, "ढग आसले काय."

एवढ्यात सुशोभीकरण आलं.

शिवेवर पर्यटकांसाठी सेल्फी पॉइंट करायचं ठरलं. सेल्फी पॉइंट म्हणजे काँक्रीटचा भलामोठा बांगडा, शेपटीवर उभा, तोंड आभाळाकडे. ज्या गावात खराखुरा बांगडा मिळेनासा झालाय तिथे काँक्रीटचा. मी सरपंचांच्या घरीच गेले. म्हटलं, तात्यांच्या खांबाचं काय?

"खांबो कसलो गो, नळीच ती. दुसरीकडे पुरूया."

"आणि सूर्य?"

"सूर्य काय, थयसर पण आसतलोच मां."

तात्यांना मी उपोषणाला बसा म्हणून सांगितलं. चौथऱ्यावर मंडप, मागे बॅनर, सगळं डोळ्यांसमोर होतं माझ्या. तात्यांनी एवढंच विचारलं, खोदाई कधी. मी दिवस सांगितला. आणि या माणसाचा चेहरा मी पहिल्यांदा उतरलेला पाहिला.

"बांगडो बांदांदेत," ते म्हणाले. "पण तो दिवस नको. बिनसावळेचो दिवस आसा तो. तेवढो जावंदे म्हणान सांग तेंका."

बिनसावळीचा दिवस म्हणजे काय, ते पटकन सांगते. वर्षातला बराच काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो, म्हणून भर दुपारची सावली उत्तरेला पडते. मे महिना लागला की तो डोक्यावरून पलीकडे, उत्तरेकडे सरकतो, आणि दुपारची सावली दक्षिणेला पडू लागते. या कूस बदलण्याच्या मध्ये एक दिवस असा येतो की सूर्य बरोबर माथ्यावर असतो आणि सरळ उभ्या वस्तूला सावलीच नसते. खांबाला नसते, माडाला नसते, तुम्हाला नसते. तुमची तुमच्या पायांखाली जाते. ऑगस्टातही असा दिवस येतो, पण तेव्हा आमच्याकडे सूर्य दिसला तर लोक त्याचाच फोटो काढतात. म्हणजे धरायचा तो मे महिन्यातलाच.

सरपंच ऐकेनात. जेसीबी दुसऱ्या गावाला गुंतलाय, त्याच दिवशी मिळतो, सावलीसाठी कोण थांबतं? मग मी माझं हत्यार उपसलं. पत्रक. 'शून्य सावलीचा दिवस. विज्ञानाचा सोहळा. सर्वांनी शिवेवर जमावे.' गाव जमला की जेसीबी कसा पुढे येतो ते बघू, असा माझा हिशेब. जाड कागद वापरला. घरोघर वाटलं.

त्या दिवशी माणसं आली. मला वाटलं त्यापेक्षा जास्त आली, छत्र्या घेऊन, भीतभीतच, एकमेकांना चिकटून. देवचाराच्या वेळेला शिवेवर येणं हीच मोठी गोष्ट. जेसीबीवाला घाटावरचा तरुण होता. त्याने यंत्र वडाखाली लावलं आणि गर्दी बघत बसला. सगळे खांबाकडे बघत होते. खांबाला समुद्राच्या बाजूला चांगली वीतभर सावली होती.

"खंय गो, गेली काय सावळी?" शांती काकीने विचारलं. "हयसरच तर बसली आसा."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, विज्ञान उशिरा इला. पाच मिनिटांत शीव रिकामी झाली. मी पत्रक हातात घेतलं आणि बघितलं. वेळेपुढे मीच छापलं होतं: दुपारी बारा वाजता.

हो. मीच. आमचे बारा परत द्या म्हणणारी. कार्यक्रमाचे तेवढे वाजले.

काकीनेही स्टोव्ह बंद केला आणि घरची वाट धरली. जेसीबीवाला माझ्यापाशी आला. "मॅडम, मी डबा खाऊन घेतो. डबा झाला की मला सुरू करावं लागेल. सारखे फोन येतायत." मी पत्रकाची घडी घातली.

तेवढ्यात तात्या आले. अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. दोन्ही हातांत एकेक प्लास्टिकची खुर्ची. वाटेत कुणी विचारलं असतं तर साखरपुड्याला चालले म्हणून सांगितलं तरी खपलं असतं. त्यांनी खुर्च्या चौथऱ्याजवळ मांडल्या, शेजारी शेजारी.

"बाराच लिवलंस तू," ते म्हणाले.

"होय, तात्यानू."

"मोबाइलचे."

"होय."

"बरा झाला. एवढ्या गर्दीत ती इली नसती."

मी विचारलं, कोण. ते एका खुर्चीवर बसले. दुसरीकडे मला बसायला सांगितलं नाही. सावली आता चार बोटं उरली होती.

"आमची ही," ते म्हणाले. "दुकानात रोज माका डबो घेवन येय. हयसर एसटी पकडी. देवचाराक भारी भियाय. बारा वाजान गेल्याशिवाय घरातसून भायर पडा नाय. म्हणान मीच तिका घड्याळ दिललंय. रेडिओर लावलेला. एक सेकंद मागे-फुडे नाय. त्या दिवशी तिणा बघितल्यान, बारा होवन गेले. भायर पडली. हयसर इली. हयसरच पडली."

त्यांनी बोटाने हिरव्या काचांची रेघ दाखवली. मी पहिल्यांदा नीट बघितलं. काचा वाकड्या होत्या. बाटलीच्या नव्हत्या. बांगड्यांच्या होत्या.

"डाक्टर म्हणालो, हार्ट. आसात. गाव म्हणालो, तेच्या वाटेत गावली. ताय आसात."

"हार्टच आसतला, तात्यानू," मी म्हटलं. मला ते म्हणायलाच हवं होतं.

"मी खंय नाय म्हणतंय? पण घड्याळ बरोबर होता गो. ताच तर. खरे बारा तेव्हा होवचे होते."

वडाखाली जेसीबीवाल्याने डबा उघडला होता, पण घास हातातच होता. तो आमच्याकडे बघत होता. मी तात्यांना म्हटलं, आज हे लोक खांब काढणार. मला थांबवता आलं नाही.

"काढांदेत. पुढल्या वर्साक मीच उभो रवतलंय. माणूस सरळ उभो रवलो काय तोच खांबो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मेलेल्या माणसाक सावळी नसता मां? माझी सावळी बघून ती लाजता. म्हणान वर्सभर येणा नाय. आजच्या दिवसाक वायच वेळ माकाय सावळी नसता."

ते उठून उभे राहिले. सावली दोन बोटं. एक बोट. मग खांबाच्या बुंध्याशी नुसती काळी किनार, आणि मग तीही नाही. लोखंडाची नळी चौथऱ्यावर अशी उभी होती, जणू कुणी चित्रात काढून सावली द्यायला विसरलं. मी खाली बघितलं. मीही तशीच होते. तात्याही. कावळे गप्प. समुद्र गप्प. काजूच्या वाटेवर पाचोळा वाजू लागला.

आवाज एका लयीत आला. चौथऱ्यापाशी आला. या वेळी पुढे गेला नाही.

रिकामी खुर्ची कुरकुरली. उन्हाने प्लास्टिक फुगतं, आणि कुरकुरतं. हे मी तेव्हाही मनात म्हटलं होतं.

तात्या पुन्हा आपल्या खुर्चीवर बसले आणि शेजारी बघत, रोजच्या आवाजात, मध्येच तुटलेलं बोलणं पुढे न्यावं तसं म्हणाले, "त्या दिवसाचो डबो मी रात्री खाल्लंय. बरो होतो. मीठ वायच कमी होता."

मग बराच वेळ, म्हणजे मला बराच वाटला तेवढा वेळ, ते नुसते बसले होते, बाजारातून दमून आलेली दोन माणसं ओटीवर बसावीत तसे. त्यांचा एक हात दुसऱ्या खुर्चीच्या हातावर होता.

मी खांबाकडे बघत होते. डोंगराच्या बाजूला, बुंध्याशी, सावलीचा एक दोरा फुटला. तात्यांनाही तो दिसला. त्यांनी हात काढून घेतला.

"जा आता," ते म्हणाले. "सावळी इली."

पाचोळा वाजला. मी वाटेतच उभी होते. मी बाजूला झाले.